होम थिएटर पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलमधल्या टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला कॉम्प्युटर जोडून सिनेमे, नाटकं, मैफली बघायच्या, एवढ्यासाठी ज्यांना पीसी जुळवायचा आहे त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. दुकानात गेलं की ‘किती जीबीचं कार्ड हवं?’ हाच पहिला प्रश्न येतो, आणि निवड तिथूनच चुकायला लागते. सिनेमा बघणाऱ्याने कार्डाची ताकद विचारायची नसते. ते कोणते व्हिडिओ स्वतः उलगडतं (डिकोड करतं), त्याचं पोर्ट कोणतं आणि ते चालताना किती शांत राहतं, हे विचारायचं असतं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

बहुतेकांना नाही. प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्सचा भाग असतो आणि सिनेमासाठी तो पुरतो. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून व्हिडिओ उलगडायची खास यंत्रणा प्रोसेसरमध्ये बसवली, तिचं नाव क्विक सिंक. सातव्या पिढीपासून ती १० बिट एचईव्हीसी, म्हणजे ४के एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा असलेले) सिनेमे ज्यात येतात तो प्रकार, सहज पेलते. अकराव्या पिढीपासून एव्ही१, म्हणजे यूट्यूबसारख्या सेवांचा नवा प्रकार, तोसुद्धा. एन१०० हा चार कोअरचा, ६ वॅटचा इवलासा प्रोसेसर असलेला मिनी पीसी ४के सिनेमा न अडखळता दाखवतो, हे बघितल्यावर मी कित्येक नातेवाइकांना कार्ड घेण्यापासून परावृत्त केलं आहे.

एक अडचण आधीच बघा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. मग कार्डाला पर्याय नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे आणि ते एचईव्हीसी चालवतं, पण एव्ही१ त्याला येत नाही. ८६००जी ला येतं.

मग कार्ड नेमकं कुणी घ्यावं?

ज्यांचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा किंवा त्याआधीचा आहे, ज्यांच्या मदरबोर्डचं एचडीएमआय पोर्ट जुनं आहे, ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे आणि चित्रावर जास्तीचं काम करून घ्यायचं आहे, किंवा ज्यांना त्याच पीसीवर अधूनमधून गेमही खेळायचा आहे, त्यांनी. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत. फरक त्याच रात्री कानाला कळतो.

माझ्या पीसीला ४के फाइल झेपते की नाही, हे कसं ओळखू?

काही विकत घेण्याआधी ही चाचणी जरूर करा. विंडोजमध्ये फाइल सुरू करा, टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सच्या भागावर) जा. तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख वर चढलेला दिसला आणि प्रोसेसरचा वापर अगदी थोडा राहिला, तर काम हार्डवेअर करतंय. डिकोडचा आलेख जमिनीला चिकटलेला आणि प्रोसेसर ८०-९० टक्क्यांवर पळत असेल, तर सगळा भार प्रोसेसर वाहतोय. पंख्याचा आवाजही तेव्हा वाढतोच. आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना ते बघा. एका मित्राने नवं कार्ड मागवलं होतं आणि त्याच्या प्लेअरमध्ये ती खूणच केलेली नव्हती. कार्ड परत केलं, खूण केली, काम झालं.

कार्डाला कोणकोणते फॉरमॅट आले पाहिजेत?

चार. एच.२६४ (२००३ पासूनचा, ब्लू-रे आणि निम्म्या जगाचा), एचईव्हीसी (२०१३, ४के सिनेमांचा), यूट्यूबचा व्हीपी९ आणि २०१८ मध्ये आलेला एव्ही१. पहिले दोन नसतील तर कार्ड निरुपयोगी. एव्ही१ आज घेताना असावंच, कारण यूट्यूब आणि इतर सेवा त्याच दिशेला चालल्या आहेत. पण घरात चालू स्थितीतलं जुनं कार्ड असेल तर केवळ एव्ही१ नाही म्हणून ते टाकू नका. १०८०पी एव्ही१ साधा चार कोअरचा प्रोसेसरसुद्धा सॉफ्टवेअरने चालवतो.

दुकानदार जीटी ७१० किंवा जीटी ७३० देतोय, ‘४के चालतं’ म्हणतोय. घेऊ का?

नका घेऊ. डब्यावर ४के लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, म्हणूनच माणूस फसतो. जीटी ७१० टीव्हीला ४के चित्र पाठवतं, पण सेकंदाला ३० वेळाच, कारण त्याचं एचडीएमआय १.४ पिढीचं आहे. आणि एचईव्हीसी उलगडणं त्याला येतच नाही. म्हणजे ४के सिनेमाची फाइल लावली की सगळं काम पुन्हा प्रोसेसरवर. ही बहुतेक एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीची कार्डं आहेत आणि त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्येच थांबले. २ जीबी ऐवजी ४ जीबीचं घेतलं तरी यातलं काहीही बदलत नाही. सिनेमा बघायला कार्डाची मेमरी फारशी लागतच नाही.

जीटी १०३० कसं आहे?

२०१७ चं, ३० वॅटचं, पंखा नसलेल्या रूपातही मिळणारं हे कार्ड बरीच वर्षं होम थिएटरवाल्यांचं लाडकं होतं, आणि रास्तच होतं. एचडीएमआय २.०, १० बिट एचईव्हीसी, व्हीपी९, सगळं आहे. पण एव्ही१ नाही. २ जीबी मेमरीमुळे नेटफ्लिक्सचं ४के त्यावर मिळत नाही, कारण त्यासाठी एनव्हिडियाच्या कार्डात किमान ३ जीबी लागते. शिवाय या पिढीला २०२५ नंतर नवे ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेची अपडेट्स. जुनं, स्वस्तात मिळालं तर घ्या. नवं घेऊ नका.

एएमडीचं आरएक्स ६४०० छोटं आहे, कमी वीज खातं. ते का नाही?

कागदावर ते अगदी होम थिएटरसाठीच बनवल्यासारखं वाटतं. ५३ वॅट, वेगळी पॉवर केबल नको, एचडीएमआय २.१. आणि नेमकं त्याच्यातून एव्ही१ उलगडायची सोय वगळलेली आहे. आरएक्स ६५०० एक्सटीचंही तसंच. मला या कार्डाचं खरोखर वाईट वाटतं, कारण एवढी एक गोष्ट असती तर मी डोळे मिटून सुचवलं असतं. त्याच घरातल्या आरएक्स ६६०० मध्ये एव्ही१ आहे, पण ते १३२ वॅटचं आणि आकाराने मोठं.

आज नवं घ्यायचं तर कोणतं?

फक्त व्हिडिओसाठी असेल तर इंटेल आर्क ए३१० किंवा ए३८०. चारही फॉरमॅट येतात, एव्ही१ मध्ये फाइल बनवताही येते. दोन सावधगिरी. एक, त्यांचं मूळ एचडीएमआय २.० आहे, त्यामुळे १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या) टीव्हीचा पूर्ण फायदा बहुतेक मॉडेल्सवर मिळणार नाही. दोन, काही न करता नुसती बसलेली असतानाही ही कार्डं बऱ्यापैकी वीज घेतात. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एएसपीएम ही वीज वाचवण्याची सोय चालू केली आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसची बचत कमाल केली की ती बरीच खाली येते. इंटेल या कार्डांसाठी दहाव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी मदरबोर्डची सोय) सांगते, म्हणून फार जुन्या मदरबोर्डवर मी ती लावणार नाही.

४के १२० हर्ट्झ टीव्ही असेल, मुलांना थोडे गेमही हवे असतील, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅटचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं, एचडीएमआय २.१ आणि एव्ही१ असलेलं. याच नावाचं ८ जीबीचं जुनं मॉडेल वेगळं आहे, त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते. बिल करण्याआधी डबा हातात घेऊन वाचा.

याच्या वर जाणं म्हणजे सिनेमापुरतं तरी नाकापेक्षा मोती जड.

ऑफिसमधला जुना छोटा पीसी स्वस्तात मिळाला. त्यात कार्ड बसेल का?

बसेल, पण मोजपट्टी घेऊन बसा. या चपट्या डब्यांत लो-प्रोफाइल कार्डच लागतं, म्हणजे मागची लोखंडी पट्टी सुमारे ८ सेंटीमीटरची. नेहमीची १२ सेंटीमीटरची असते. काही कार्डांसोबत डब्यात दोन्ही पट्ट्या येतात, काहींसोबत नाही, आणि नंतर ती पट्टी शोधत फिरणं फार त्रासाचं. कार्ड एका स्लॉटच्या जाडीचं की दोन, हेही मोजा. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट नियमाप्रमाणे ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, पण काही छोट्या डब्यांत तेवढी मुभा नसते. मॉडेलचं मॅन्युअल नेटवर मिळतं, ते बघा.

आणि कार्ड घेण्याआधी एक स्वस्त उपाय. सातव्या ते दहाव्या पिढीच्या इंटेल पीसीवरचं एचडीएमआय पोर्ट बहुधा १.४ चं असतं, म्हणून ४के ला ३० हर्ट्झवर अडकतं आणि माउससुद्धा लडखडत चालतो. लोकांना वाटतं ग्राफिक्स कमकुवत आहे. त्याच पीसीच्या मागे डिस्प्लेपोर्ट असतं आणि ते ४के ६० हर्ट्झ देतं. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय २.० असा अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर लावला की प्रश्न सुटतो. एचडीआर मात्र त्या अडॅप्टरमधून नीट जाईलच असं नाही. एचडीआर हवंच असेल तर कार्ड घ्या.

कॅमेरा संथपणे फिरतो तेव्हा चित्र हलकेच धक्के खातं. कार्ड बदलू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा उत्तर कार्डात नसतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. टीव्ही ६० हर्ट्झवर. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीन वेळा आणि पुढची दोन वेळा दाखवली जाते. एक ५० मिलिसेकंद टिकते, दुसरी ३३. डोळ्याला ते लंगडणं जाणवतं.

इलाज म्हणजे टीव्हीलाच २४ हर्ट्झवर न्यायचं. कोडी या सिनेमे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेचा रिफ्रेश रेट फाइलप्रमाणे बदलायचा पर्याय आहे. तो ‘सुरू करताना आणि थांबवताना’वर ठेवा. सिनेमा लावला की टीव्ही क्षणभर काळा होईल, मग चित्र येईल. पहिल्यांदा बघाल तेव्हा लक्षात येईल की इतकी वर्षं काय निसटत होतं.

याहून बारीक गोष्ट अशी की बहुतेक डिजिटल फाइली बरोब्बर २४ च्या नसून २३.९७६ च्या असतात. कार्डाने बरोब्बर २४ दिलं तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दुसऱ्यांदा दाखवावी लागते आणि तेवढ्यापुरता एक बारीक झटका बसतो. सँडी ब्रिजच्या काळात इंटेलच्या ग्राफिक्सची हीच बदनामी होती. आजची सगळी कार्डं २३.९७६ देतात, पण विंडोजच्या यादीत २३ आणि २४ असे दोन्ही आकडे दिसतात. २३ म्हणजेच २३.९७६.

आपल्याकडच्या टीव्ही मालिका, जुनी रेकॉर्डिंगं २५ फ्रेमची असतात. त्यांना ५० हर्ट्झ लागतं. टीव्ही ५० घेतो का हे आधी तपासा. भारतात विकलेले टीव्ही सहसा घेतात, कॉम्प्युटरचे मॉनिटर पुष्कळदा घेत नाहीत.

बाबांकडे मराठी नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडी आहेत. त्या ५५ इंची टीव्हीवर बऱ्या दिसतील का?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आमच्याकडेही असा एक खोका आहे आणि माझा पहिला होम थिएटर पीसी त्यासाठीच जुळवला होता. अपेक्षा मात्र खरी ठेवा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. ४के टीव्हीवर त्या एका ठिपक्याच्या जागी ऐंशीच्या आसपास ठिपके येतात. जे टिपलंच गेलं नाही ते कोणतंही कार्ड आणू शकत नाही.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी. ती ७२० बाय ५७६ ची, आणि नाटकाचं चित्रीकरण व्हिडिओ कॅमेऱ्याने झालं असेल तर इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या ओळींची चित्रं. डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं, नीट झालं नाही तर नटाचा हात हलला की कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. इथे ग्राफिक्सचं खरं काम आहे. प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग ‘ऑटो’ किंवा चालू ठेवा, ५० अर्ध्या चित्रांतून ५० पूर्ण फ्रेम काढणारा प्रकार निवडा आणि टीव्ही ५० हर्ट्झवर न्या. हालचाल एकदम रंगमंचावर बसून बघितल्यासारखी जिवंत होते. याला महागडं कार्ड लागत नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्ससुद्धा करतं.

एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आरटीएक्स कार्डांसाठी व्हिडिओ सुपर रिझोल्यूशन आणलं. क्रोम आणि एजमध्ये ते यूट्यूबवरच्या जुन्या ३६०पी, ४८०पी व्हिडिओंना बरंच साफ करतं. मी ते मधल्या पातळीवर ठेवतो. कमाल केलं की चेहरे मेणाचे दिसू लागतात, आणि जुन्या नटांच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ मला हवी असते.

या डिस्क एकदा वाचून हार्ड डिस्कवर ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. आमच्या खोक्यातल्या काही आता वाचल्याच जात नाहीत, आणि त्यातल्या एका प्रयोगाची दुसरी प्रत मला अजून कुठे सापडलेली नाही.

अ‍ॅटमॉसचा आवाज कार्डातून जातो का?

जातो. एचडीएमआयमधून ट्रूएचडी (डिस्कवरचा अ‍ॅटमॉस यातच येतो) आणि डीटीएस-एचडी हे आवाजाचे प्रकार जसेच्या तसे पाठवणं २००९ च्या रेडिऑन एचडी ५००० मालिकेपासून शक्य झालं आणि आज अगदी साध्या ग्राफिक्सलाही येतं. वेगळं साउंड कार्ड नको. जोडणी मात्र पीसी ते रिसीव्हर (ज्याला स्पीकर जोडतात तो अ‍ॅम्प्लिफायर) आणि रिसीव्हर ते टीव्ही अशी करा. पीसी थेट टीव्हीला आणि तिथून साध्या एआरसीने (टीव्हीतून आवाज परत बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआयच्या सोयीने) साउंडबारला, असं केलंत तर ट्रूएचडी वाटेतच गळतो. त्याला ईएआरसी, म्हणजे त्याच सोयीचा सुधारित प्रकार, लागतं, तेही टीव्ही आणि साउंडबार दोन्हींत. प्लेअरमध्ये ‘पासथ्रू’ चालू करायला विसरू नका.

एचडीआर सिनेमा फिकट, धुतल्यासारखा दिसतो. का?

तीन गोष्टी बघा. टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ सेटिंग चालू आहे का? बहुतेक टीव्हींमध्ये ते प्रत्येक पोर्टला वेगळं असतं आणि बंद येतं. दुसरं, कार्ड काळ्या-पांढऱ्याचं माप फुल रेंजमध्ये पाठवतंय आणि टीव्ही ते लिमिटेड रेंज समजतोय, किंवा उलट, असं आहे का? काळा रंग राखाडी दिसला किंवा अंधारातलं सगळं गिळलं गेलं तर कारण हेच. दोन्हीकडे एकच ठेवा. तिसरं, प्लेअर एचडीआर ओळखतो का? विंडोजवर कोडीची १९ वी आवृत्ती आणि पुढच्या ओळखतात.

४के ६० हर्ट्झवर १० बिट रंग पूर्ण तपशिलाने पाठवायला एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटची वाट अरुंद पडते, म्हणून कार्ड रंगाची माहिती कमी करतं. सिनेमात ते कळत नाही. डेस्कटॉपवर कळतं, विशेषतः लाल किंवा निळ्या बारीक देवनागरी अक्षरांत, जिथे मात्रा आणि अनुस्वार पसरट होतात. सिनेमा २३.९७६ वर चालवलात तर ही अडचण उरतच नाही, वाट पुरते.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच दुसऱ्या प्रकारासाठी पीसी हे चांगलं साधन नाही. चित्र हिरवं-जांभळं दिसलं तर ती फाइल डॉल्बी व्हिजनचा असा प्रकार आहे जो तुमच्या प्लेअरला कळत नाही. कार्डात दोष नाही.

नेटफ्लिक्स आणि ४के ब्लू-रे पीसीवर चालेल का?

नेटफ्लिक्सचं ४के विंडोजवर एज ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये मिळतं. प्रीमियम प्लॅन, एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन आणि वाटेतल्या प्रत्येक उपकरणात एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी यंत्रणा) हवं. रिसीव्हर जुना असेल तर तिथेच अडतं. लिनक्सच्या ब्राउझरवर ४के मिळत नाही. खरं सांगायचं तर या सेवांसाठी टीव्हीचं अ‍ॅप किंवा स्टिक वापरा आणि पीसी आपल्या संग्रहासाठी ठेवा.

४के ब्लू-रे डिस्क अधिकृतपणे लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधलं एसजीएक्स हे सुरक्षेचं अंग लागायचं आणि चित्र प्रोसेसरच्याच ग्राफिक्समधून जावं लागायचं. अकराव्या पिढीपासून इंटेलने डेस्कटॉपवरून एसजीएक्स काढलं. त्यामुळे कितीही भारी कार्ड घेतलं तरी हे काम होत नाही. डिस्कचा संग्रह असेल तर वेगळा प्लेअर घ्या.

प्रोजेक्टर आहे. त्याने काय फरक पडतो?

बराच. प्रोजेक्टरचा उजेड टीव्हीपेक्षा खूप कमी, त्यामुळे एचडीआर सिनेमा अंधारा दिसतो. विंडोजवर मॅडव्हीआर नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमचा उजेड मोजून तो पडद्याला साजेसा करतं. हे काम जड आहे. इथे मात्र आरटीएक्स ३०६० किंवा त्यावरचं कार्ड सार्थकी लागतं. हॉलमध्ये पूर्ण अंधार करता येत नसेल तर त्याआधी पडदे बदला.

आवाज आणि उष्णतेचं काय?

रात्री शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू आली की सगळी मेहनत वाया. लहान कार्डांवरचे छोटे पंखे सगळ्यात जास्त कर्कश असतात. ताप कमी असताना पंखा पूर्ण थांबवणारं मॉडेल बघा. व्हिडिओ उलगडताना कार्ड फार तापत नाही, त्यामुळे सिनेमाभर पंखा फिरतच नाही. पंखा नसलेलं कार्ड काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नका. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच इतकी तापलेली असते की बंद कपाटात कार्डाला थंड व्हायला वावच नाही. मागची फळी कापून घ्या, डब्यात १२० मिलिमीटरचा एक पंखा सावकाश फिरू द्या. कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी धूळ काढा, दमट धूळ चिकटून बसते.

विजेचा फरक किती पडतो?

नुसतं बसलेलं कार्ड १५ वॅट जास्त घेतं असं धरा. रोज ५ तास पीसी चालू असेल तर वर्षाला सुमारे २७ युनिट. चोवीस तास सर्व्हरसारखा चालू ठेवलात तर १३१. चोवीस तासवाल्यांनी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच भागवावं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून जुनं कार्ड घेतलं तर?

हरकत नाही, पण दुकानातच लावून बघा. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डांचं बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली जातात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. बनावट कार्डाच्या नावापुढे ते ‘फेक’ असं दाखवतं. आणखी सोपी खूण म्हणजे १०५० टीआय म्हणून दिलेल्या कार्डाला निळं व्हीजीए पोर्ट असेल तर ते घेऊ नका, त्या पिढीच्या चिपमधून अ‍ॅनालॉग चित्र निघतच नाही. सोबत स्वतःची एक ४के एचईव्हीसी फाइल न्या आणि दहा मिनिटं चालवून टास्क मॅनेजरचा तो आलेख बघा.

लिनक्सवर कोणतं?

लिब्रीईएलईसी (फक्त कोडीसाठी बनवलेलं छोटं लिनक्स) किंवा लिनक्सवर कोडी चालवायचं असेल तर इंटेल, शक्यतो प्रोसेसरमधलंच. एएमडीचा मुक्त ड्रायव्हर चांगला आहे, पण त्यात एचडीएमआय २.१ आणायला त्याचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने फेब्रुवारी २०२४ मध्ये नकार दिला, म्हणून कार्डावर २.१ लिहिलेलं असलं तरी ४के १२० हर्ट्झ तिथे धरून चालू नका. नुसते सिनेमे २४ आणि ५० हर्ट्झवर बघणाऱ्याला त्याने काही अडत नाही.